दहीवाल्या मॅडम

आमच्या मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी एकच प्रश्न विचारायच्या, "विरजण कुठं ठेवता तुम्ही?" घरात बारसं असो, साखरपुडा असो, नाहीतर कुणी आजारी माणूस बघायला गेलेलं असो, हा प्रश्न ठरलेला. घरची बाई बिचारी गोंधळून कपाटाकडं बोट दाखवायची, की मॅडम थेट स्वयंपाकघरात! झाकण काढायचं, वास घ्यायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "वा, बिलकुल वेगळं आहे हे." पर्समध्ये पावडर-कंगवा असो नसो, दोन-तीन निर्जंतुक नळ्या हमखास असायच्या. एका लग्नात नवरीची आई पाया पडायला वाकली आणि मॅडम तिला उठवता उठवता विचारत होत्या की आजच्या मठ्ठ्याचं दही घरचं की बाहेरचं. हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

भोकरदनच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. म्हणजे काचेचं सामान धुणं, ते वाफेवर निर्जंतुक करणं, पोरांनी फोडलेल्या नळ्यांचा हिशेब विचारून त्यांना घाबरवणं ही माझी कामं. माझं नाव रंगनाथ, गाव धावडा आणि स्वभाव तापट. हे तिन्ही आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मॅडम मूळच्या जालना शहरातल्या. घरचे सगळे नोकरदार, गाई-म्हशींशी संबंध पिशवीतल्या दुधापुरता. त्यामुळं खेड्यातल्या दह्याचं त्यांना एवढं वेड कसं लागलं, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा मीच विचारलं. त्या म्हणाल्या, "रंगनाथ, तुमच्या घरचं विरजण किती वर्षांचं आहे?" मी म्हणालो, रोजचंच की, कालच्या दह्यातून आजचं. "आणि कालचं?" परवाच्या. "आणि परवाचं?" मी बोटं मोजायला लागलो. "तुमच्या आईनं लावलेलं, तिच्या सासूनं लावलेलं. माणसं गेली, जंतू तेच चाललेत. त्यांची कुणीतरी नोंद ठेवायला नको?" त्या दिवसापासून मी घरातली विरजणाची वाटी जरा जपून ठेवू लागलो. बायको, म्हणजे शांता, म्हणाली, कॉलेजात काय घालून राह्यले तुमच्या डोक्यात!

शिकवायची त्यांची तऱ्हाच वेगळी. आमची पोरं खेड्यातली, इंग्रजी पुस्तक उघडलं की त्यांचे चेहरे पडायचे. मॅडम पुस्तक मिटून ठेवायच्या. एकदा म्हणाल्या, "लग्नाच्या मांडवात कोण कोण आलंय हे कळायला प्रत्येकाला नाव विचारत बसायचं का? दाराबाहेरच्या चपला बघा. सगळ्या एकदम गोळा करा आणि ओळखा. जुनी पद्धत म्हणजे जंतू ताटलीत वाढवायचा. पण जो ताटलीत रुसून बसतो, वाढतच नाही, तो दिसणार कसा? म्हणून आता सगळ्यांचा डीएनए एकदम काढायचा आणि वाचायचा. याला म्हणतात मेटाजीनोमिक्स." मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, पण चपला चोरीला गेल्या तर?" सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "प्रश्न बराबर आहे. डीएनए पण खराब होतो. म्हणून तर बर्फ लागतो."

पॅनजीनोम हा शब्द त्यांनी भावकीवरून शिकवला. तो तास मी दारात फडकं घेऊन उभ्यानं ऐकला होता. "भावकीचं आडनाव एक," त्या म्हणाल्या. "चूल, तवा, पाण्याचा हंडा सगळ्यांच्याच घरात. पण ट्रॅक्टर एकाच घरी, हार्मोनियम दुसऱ्याच घरी, शिलाई मशीन तिसऱ्याच. आता सगळ्या घरांतलं सामान एका यादीत मांडा. ती यादी म्हणजे पॅनजीनोम. जंतूंचंही असंच. नाव एकच, पण धावड्याच्या जंतूकडं एखादा जीन असतो तो टेंभुर्णीच्या जंतूकडं नसतो. एकच घर बघून भावकी कळली असं म्हणायचं नाही." मला दहावीच्या पुढं शिकता आलं नाही, पण हा धडा मी आजही कुणालाही झोपेतसुद्धा शिकवीन.

पुण्यातली एक मोठी संस्था निरनिराळ्या जिल्ह्यांमधलं घरगुती दही गोळा करून त्यातल्या जंतूंचे जीनोम वाचणार आहे, असं मॅडमना कळलं. जालना जिल्हा त्यांच्या यादीत नव्हता. मॅडमनी पत्र लिहिलं, उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा त्या स्वतःच दोन जोडी कपडे घेऊन पुण्याला गेल्या आणि जिल्हा यादीत घालूनच परतल्या. आमच्या कॉलेजात तेव्हा निर्जंतुक करायचं यंत्र बंद पडलेलं होतं. मॅडमनी घरचा मोठा कुकर आणला आणि मी त्याच्या शिट्ट्या मोजत बसायचो. बाजूच्या वर्गातले सर येऊन विचारायचे, आज काय बेत? मी म्हणायचो, नळ्यांची आमटी.

तीन ठिकाणं ठरली. भोकरदन, टेंभुर्णी आणि माझा धावडा, प्रत्येकी बारा घरं. बर्फाचा निळा डबा खांद्याला लावून आम्ही टेंभुर्णीत उतरलो तर दोन बाया कडेवरची लेकरं घेऊन धावत आल्या. डबा बघून त्यांना वाटलं पोलिओचे डोस आले. मॅडमनी आधी त्यांना दवाखान्याची तारीख नीट सांगितली आणि मग दही मागितलं. त्याच दिवशी शेवटच्या घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. त्या घरची म्हातारी दारातच म्हणाली, "दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर जात न्हाई. सकाळी या." मी तापलो. म्हटलं, आजी, एक चमचा तर पायजे, लांबून आल्तो आम्ही. मॅडमनी मला हातानंच थांबवलं. "त्यांचं घर आहे, रंगनाथ. नियम त्यांचा." आणि खरंच, एका चमच्यासाठी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं पुन्हा टेंभुर्णी गाठली. म्हातारीनं तेव्हा दही तर दिलंच, वर मॅडमना भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

धावड्याच्या वेळी मात्र मॅडमना परीक्षेचं काम लागलं. त्या म्हणाल्या, "तुमचंच गाव आहे, तुम्ही एकटे जा." केवढी जबाबदारी! मी इस्त्रीचा शर्ट घातला. मॅडमनी सूचनांची एक चिठ्ठी लिहून दिली होती. आदल्या दिवशी ती मी शांताला वाचून दाखवली आणि तिनं बारा घरी निरोप पोचवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाराही घरी स्वतः गेलो, प्रत्येक घरी नवा चमचा, नवी नळी, वर घराचं नाव. गावातल्या बायांनीही काय थाट केला होता! घासून लख्ख केलेल्या वाट्या, वर झाकण, झाकणावर स्वच्छ रुमाल. दही असं घट्ट की वाटी उपडी केली तरी पडायचं नाही. आमच्या घरचंही तसंच, मला वाटलं शांतानं खास मन लावून लावलं असेल. गावाचा मला अभिमान वाटला. नमुने पुण्याला गेले.

मग कितीतरी महिने काहीच नाही. आणि एक दिवस दुपारी संगणकावर मॅडमचं पुण्याच्या संस्थेतल्या मोठ्या सरांशी बोलणं चालू होतं. मी मागं बेसिनवर चंचुपात्रं धूत होतो. सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या धावड्याच्या बारा नळ्यांमध्ये एकच दही आहे."

मॅडम म्हणाल्या, "एकसारखं?"

"एकसारखं नाही, एकच. एका भावकीतली घरं म्हणावीत तर कुठंतरी दोन-चार जीन इकडचे तिकडं व्हायला हवेत. इथं काहीच फरक नाही. स्पष्टच बोलतो. तुमच्या माणसानं घरी बसून एकाच भांड्यातून बारा नळ्या भरल्यात. आता टेंभुर्णीचा, भोकरदनचा तरी भरवसा कसा धरायचा? मला जालना जिल्हाच वगळावा लागेल."

माझ्या हातातलं पात्र बेसिनमध्ये पडून फुटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून फुटलेलं ते पहिलं. दोन वर्षं बाई उन्हातान्हात हिंडल्या होत्या, आणि ते सगळं माझ्या नावानं पाण्यात जाणार होतं. वर मी चोर! मी घरी बसून नळ्या भरल्या! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी वाट बघत होतो, की मॅडम आता म्हणतील, आमचे रंगनाथ असं करणार नाहीत. मॅडम एवढंच म्हणाल्या, "मला आठ दिवस द्या." संगणक बंद केला, माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "काच हाताला लागली नाही ना? उद्या सकाळची पहिली बस. धावड्याला जाऊ."

त्या रात्री मी घरी न जाता कॉलेजातच झोपलो. सकाळी बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसलो. त्यांनी दोनदा शेंगदाण्याची पुडी पुढं केली, मी घेतली नाही. राग आला होता मला, लपवून काय करू!

घरी पोचलो. शांतानं चहा टाकला. मॅडम स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि नेहमीसारखंच विचारलं, "शांताताई, विरजण कुठं ठेवता तुम्ही?" शांतानं वाटी पुढं केली. दही पातळ, बोटाला तार सुटणारं, थोडं धुरकट वासाचं. मॅडमनी ते कितीतरी वेळ बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी पाठवलेलं तर घट्ट होतं म्हणतात रंगनाथ."

शांता चुलीकडं बघायला लागली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आता खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "ते गयाकाकूचं होतं."

"आणि बाकीच्यांचं?"

"समद्यांचंच गयाकाकूचं होतं. तुमच्या चिठ्ठीत लिहिल्तं ना मॅडम, घरचं चांगलं दही द्या म्हणून. गावात चांगलं दही म्हणलं तर एकच, गयाकाकूचं. पुण्याला जाणार, मोठी मोठी माणसं बघणार. आमचं हे तारेचं दही पाठवून गावाची इज्जत घालवायची व्हय? मंग मीच म्हणले सगळ्यांना, काकूकडून एक-एक वाटी आणा. दिवे लागायच्या आत आणल्या बराबर. काकूनं बिचारीनं त्या दिवशी दुप्पट दूध लावल्तं."

मी ओरडलोच. "अगं बाई, मला चोर ठरवलं ना तुम्ही बाराजणींनी मिळून! सांगायचं तर होतंस!" ती म्हणाली, "तुम्ही तर चिठ्ठी घेऊन असे मिरवत होतात, विचारलं का एकदा तरी, दही कुणाचं म्हणून?" गयाकाकू आमच्या शेजारच्या, सत्तरीच्या पुढच्या, ऐकायला कमी. आरडाओरडा बघून त्या कुंपणापलीकडून विचारत होत्या, "काय झालं? दही आंबलं का?"

मॅडम हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. ती चिठ्ठी मी अजून पाकिटात जपून ठेवली होती. ती त्यांनी मागून घेतली, पेन काढलं आणि 'चांगलं' या शब्दावर आडवी रेघ मारली. "चूक तुमची नाही, शांताताई. चूक माझी आहे. मी चांगलं मागितलं, तुम्ही चांगलं दिलंत. मला जे हवं होतं ते मी मागितलंच नाही."

मग ती बारा घरं पुन्हा सुरू झाली, या वेळी मॅडम स्वतः. प्रत्येक दारात तेच, "चांगलं नको, आहे ते द्या." बायांना लाजल्यासारखं झालं. कुणाचं आंबट ढाण, कुणाचं पाणी सुटलेलं. एकजण म्हणाली, "मॅडम, आमचं दोन दिवसांचं हाय, वास येतो." मॅडम म्हणाल्या, "तेच तर पाहिजे मला!" आणि एखाद्या दागिन्यासारखं ते नळीत घेतलं. एका घरी सून वाटी पदराआड लपवत होती. मॅडम तिच्याजवळ बसल्या, तिच्याशी पंधरा मिनिटं लेकराच्या खोकल्याचं बोलल्या, आणि मग तिनं आपणहून वाटी पुढं केली. गयाकाकूंचं दहीही वेगळ्या नळीत घेतलं.

पुण्याला काय कळवायचं हा प्रश्न होता. मॅडमचं म्हणणं, मी लिहीन की सूचना चुकीची होती, बायांची नावं कशाला घ्यायची. शांता ऐकेना. ठेवणीतलं लुगडं नेसून ती माझ्याबरोबर कॉलेजात आली, संगणकासमोर खुर्चीवर ताठ बसली आणि पुण्याच्या सरांना म्हणाली, "साहेब, माझ्या मालकावर आळ घेऊ नका. आम्ही बाराजणी गयाकाकूच्या दारात गेल्तो. मीच नेलं सगळ्यांना. तुमच्या यंत्राला इतकं कळतं, तर एवढं पण कळायला पायजे होतं." सर म्हणाले, "ताई, नवे नमुने येऊ द्या. बघतो."

त्या नमुन्यांचा निकाल यायला दिवस लागले, आणि तेवढे दिवस माझं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. निकाल आला. बारा घरांची बारा दही वेगवेगळी. तेरावी गयाकाकूंची नळी, ती आधीच्या बाराही नळ्यांशी जीनला जीन जुळली. वर आणखी एक गंमत झाली. इतक्या वेगवेगळ्या नळ्यांमधून तेच दही वाचलं आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच आलं, म्हणजे सगळी पद्धत बिनचूक आहे याचा पुरावा आयताच मिळाला. असली तपासणी मुद्दाम करायची पुण्याच्या लोकांना सुचलीच नव्हती. आमच्या धावड्याच्या बायांनी ती इज्जतीपायी करून टाकली! जालना जिल्हा यादीत राहिला, आणि शांताच्या त्या तारेच्या दह्यातल्या जंतूकडं तर असे काही जीन निघाले की जे बाकी कुठल्याच जिल्ह्याच्या भावकीत नव्हते. तेव्हापासून घरात तिच्याशी बोलायची सोय राहिली नाही.

पुण्याला मोठी सभा भरली तेव्हा मॅडमनी मला बरोबर नेलं. मोठमोठी माणसं, सगळे आपापलं यश दाखवत होते. मॅडमनी उभं राहून सगळ्यात आधी पडद्यावर ती चिठ्ठी दाखवली, खोडलेल्या शब्दासकट, आणि म्हणाल्या, "माझी चूक इथून सुरू झाली." मी मागच्या रांगेत होतो आणि छाती अशी भरून आली होती की शेजारच्याला सांगावंसं वाटत होतं, या आमच्या मॅडम आहेत, भोकरदनच्या! शेवटी सांगितलंच. तो बिचारा हैदराबादचा होता, त्याला मराठी येत नव्हतं. सभा संपल्यावर पुण्याचे सर माझ्यापाशी आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "रंगनाथराव, मी चुकलो." मी म्हणालो, असू द्या. पण मला बरं वाटलं, खूप बरं वाटलं.

यंदा मॅडम निवृत्त झाल्या. संभाजीनगरला लेकीकडं राहायला जाणार होत्या. निरोपसमारंभ झाला, हार झाले, भाषणं झाली. त्यांच्या दोन विद्यार्थिनी आता मोठ्या प्रयोगशाळांमध्ये जीनोम वाचतात, त्या खास आल्या होत्या. सगळं आवरल्यावर मी त्यांची बॅग घेऊन बसस्टँडवर सोडायला गेलो. बस लागायची होती. बाकावर दोघं बसलो आणि इतकी वर्षं मनात अडकलेलं मी विचारून टाकलं.

"मॅडम, एक विचारू? त्या दिवशी पुण्याचे सर तसं बोलले, तेव्हा तुम्हाला माझी शंका आली होती का?"

मनातून मला वाटत होतं, त्या लगेच म्हणतील, छे हो, काहीतरीच काय. निघायच्या वेळी कुणीही तसंच म्हटलं असतं. मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

"आली होती," त्या म्हणाल्या. "रात्रभर झोप नव्हती. म्हणून तर पहिल्या बसनं निघाले."

मी खाली मान घालून बसलो.

"तुम्हाला वाईट वाटतंय, मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण रंगनाथ, मी तेव्हा नुसतं माझा विश्वास आहे असं म्हणून गप्प बसले असते, तर ती शंका कायम राहिली असती. पुण्याच्या लोकांच्या मनात आणि थोडी माझ्याही. मी तपासलं. आता ती कुणालाच उकरून काढता येणार नाही. माझ्यानंतरही नाही."

बस आली. मी बॅग वर ठेवून दिली. मॅडमनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला, थोरल्या बहिणीनं ठेवावा तसा. बस सिल्लोडच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिथंच उभा होतो. मला चांगला माणूस म्हणणारे या गावात पुष्कळ आहेत, पण तपासून तसं म्हणणाऱ्या एकट्या मॅडमच.